विद्यापीठाच्या जिममधली मुलींची ‘फॅट लॉस’ बॅच – पूर्ण केल्यावरचा रिव्ह्यू

बऱ्याच जणी विचारतायत की ही बॅच लावावी का, वजन खरंच उतरतं का, कधीच जिमला गेलो नसू तर अवघड जाईल का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. 12 आठवड्यांची बॅच आहे, मी पूर्ण केली, मध्ये परीक्षा पण येऊन गेली त्यामुळे चांगलं वाईट दोन्ही बघून झालंय. ज्यांना एवढं वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, लावा. पण किती किलो उतरणार हाच हिशोब डोक्यात ठेवून लावणार असाल तर पुढचं वाचाच, कारण पोस्टरवर लिहिलंय एक आणि आत मिळतं वेगळंच, आणि आत जे मिळतं ते पोस्टरपेक्षा कितीतरी चांगलं आहे. मग पोस्टर असं का छापलंय हा माझा राग आहे, त्यावर खाली येतेच.

आधी रचना सांगते. आठवड्यात पाच दिवस, त्यातले तीन दिवस वेट्स म्हणजे वजनं उचलणं आणि दोन दिवस 45-45 मिनिटं कार्डिओ म्हणजे दम लागणारा व्यायाम. वीसेक मुली, ट्रेनर दोघी, दोघी ताईच म्हणून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या गाईडलाईनमध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा व्यायाम, आणि वर किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असं सांगितलंय. म्हणजे ताकदीचा कोटा बॅचमध्येच पूर्ण होतो, कार्डिओची 90 मिनिटं होतात आणि उरलेली तासभर तुमची तुम्ही चालून भरायची. हे ताई पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, त्यामुळे ‘बॅच लावली म्हणजे झालं’ असा गैरसमज राहत नाही. मला हे आवडलं.

आता टेस्टबद्दल, कारण या बॅचमधली सगळ्यात भारी गोष्ट माझ्या मते तीच आहे. सुरुवातीला आणि शेवटी स्टेप टेस्ट घेतात, क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट. 41.3 सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर तीन मिनिटं चढ-उतार करायची, मुलींसाठी मिनिटाला 22 वेळा, मेट्रोनोम (ठेका देणारं टिकटिक यंत्र) मिनिटाला 88 वर लावलेला असतो आणि प्रत्येक टिकला एक पाय. थांबल्यावर पाच सेकंद जाऊ द्यायचे, मग पुढचे 15 सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायचं. 65.81 मधून त्या ठोक्यांची 0.1847 पट वजा केली की व्हीओटू मॅक्सचा अंदाज येतो, म्हणजे शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती मिली ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा. आणि ही टेस्ट 1972 मध्ये कॉलेजच्या मुलींवरच अभ्यास करून बसवलेली आहे! व्यायामाच्या कितीतरी गोष्टी आधी पुरुषांवर तपासल्या जातात आणि मग आपल्याला जशाच्या तशा दिल्या जातात, त्यात ही एक अशी निघाली जी आपल्याच वयाच्या मुलींवर तयार झालीय. ताईंनी हे सांगितलं तेव्हा मला खरंच छान वाटलं.

माझे ठोके सुरुवातीला 172 आले म्हणजे अंदाज 34 चा, शेवटी 148 आले म्हणजे साधारण साडेअडतीस. हा अंदाजच आहे, लॅबमध्ये मास्क लावून मोजलेला आकडा नाही, उन्हाळा, झोप, चहा-कॉफी सगळ्याचा नाडीवर परिणाम होतो. तरी तीच पायरी, तोच वेग आणि हृदयाला मिनिटाला 24 ठोके कमी मारावे लागतायत हा फरक लपत नाही. का होतो तो फरक? नियमित कार्डिओने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग) वाढतात, मग तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. लायब्ररीचे जिने चढताना बोलता यायला लागलं की हे आपल्यालाच कळतं, मशीन लागत नाही त्याला.

वेट्सबद्दल सगळ्यात जास्त भीती असते म्हणून जरा जास्त लिहिते. आमच्या बॅचमध्ये अर्ध्या मुली ‘आम्हाला फक्त कार्डिओ द्या, दंड नको मोठे व्हायला’ असं म्हणतच आल्या होत्या. ताईंनी कुणाला हसलं नाही की लेक्चर झोडलं नाही, फक्त एवढं सांगितलं की स्नायू फुगायला जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते बायकांमध्ये पुरुषांच्या तुलनेत खूपच कमी असतं, आणि ज्या बायका खरंच तशा दिसतात त्यांनी वर्षानुवर्षं मुद्दाम त्यासाठीच खाणं आणि ट्रेनिंग ठेवलेलं असतं, तीन महिन्यात चुकून कुणी तशी होत नाही. मग हातात रिकामा बार दिला. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन उठबस), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), रो (बार पोटाकडे ओढणं), ओव्हरहेड प्रेस (डोक्यावर ढकलणं), पुशअप आणि प्लँक, एवढंच मुख्य, बाकी दहा प्रकारची मशिनं फिरवत बसत नाहीत. पहिले दोन आठवडे तर वजन जवळजवळ नाहीच, नुसती पद्धत. स्क्वॉटमध्ये गुडघे आत पडतात का, डेडलिफ्टमध्ये पाठ गोल होते का, हे प्रत्येकीचं वेगवेगळं बघतात. गुडघे आत पडण्यावर त्या एवढा जीव का टाकतात ते नंतर कळलं, खेळणाऱ्या मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा जास्त होतात आणि उडी मारून उतरताना गुडघा आत जाणं हे त्यातलं एक मोठं कारण मानतात. म्हणून बॉक्स जंप लगेच देत नाहीत, आधी नुसतं उतरायला शिकवतात, गुडघा आणि पायाची बोटं एका रेषेत, आवाज न करता.

वजन वाढवायची पद्धत पण सरळ आहे. सगळे रेप्स, म्हणजे एका सेटमध्ये ठरलेल्या तेवढ्या वेळा उचलणं, नीट झाले आणि अजून दोनेक निघाले असते असं वाटलं तर पुढच्या वेळी थोडं वाढवायचं, नाहीतर तेच ठेवायचं. प्रत्येकीची वही असते आणि त्यात लिहावंच लागतं. पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते आणि आरशात काहीच दिसत नाही, इथे बऱ्याच जणी नाराज होतात, पण ती ताकद स्नायू मोठा होऊन आलेली नसते तर मेंदू आणि नसा तोच स्नायू जास्त चांगला वापरायला शिकतात म्हणून आलेली असते. स्नायूंचा आकार त्यानंतर हळूहळू. हे आधी माहीत असेल तर चौथ्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटत नाही, आणि आमच्याकडे ज्यांनी सोडलं त्यातल्या बऱ्याच जणींनी तिथेच सोडलं. अजून एक, हाडांचं. हाडांची घनता साधारण विशीच्या शेवटापर्यंत सर्वात वरच्या पातळीला पोचते, पुढे पाळी बंद झाल्यावर ती झपाट्याने उतरते, म्हणजे आत्ता कॉलेजच्या वयात हाडांवर भार घेतला तर त्याची कमाई पन्नाशीत कामी येते. पोस्टरवर हे वाक्य कुठेच नाही. असायला हवं होतं.

कार्डिओचे दिवस ठीकठाक. एक दिवस संथ, म्हणजे चालणं, जॉगिंग किंवा सायकल, त्याचा नियम असा की बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. दुसरा दिवस इंटरव्हल, 20 सेकंद जोरात आणि 10 सेकंद थांबा असे आठ राउंड, त्याला तिथे सगळे टबाटा म्हणतात. मी याबद्दल वाचलंय त्यामुळे सांगते, 1996 च्या मूळ अभ्यासात हे सायकलवर व्हीओटू मॅक्सच्या साधारण 170 टक्के जोरावर करून घेतलं होतं, सात-आठ फेऱ्यांत माणूस पूर्ण संपावा असं. जागेवर उड्या मारून आपल्याकडून तो जोर निघत नाही. म्हणजे आपण करतो ते वाईट आहे असं अजिबात नाही, चांगला इंटरव्हल व्यायाम आहे, फक्त ‘चार मिनिटांत तासाभराचं काम’ असं जे म्हणतात त्यावर जाऊ नका. म्युझिक खूप मोठं असतं त्या दिवशी, ते कमी केलं तर बरं होईल, ताईंच्या सूचना मागे ऐकूच येत नाहीत.

आता वजन. इथे मला तुमच्याशी सरळ बोलायचंय कारण सगळ्या जणी यासाठीच येतात आणि यातच सगळ्यात जास्त मुली दुखावून परत जातात.

नुसत्या व्यायामाने वजन कमी होतं, पण हळू आणि थोडं. हिशोब करून बघा, 60 किलो वजनाची मुलगी 45 मिनिटं भरभर चालली तर साधारण 200 कॅलरी जातात, त्यातल्या चाळीस-पन्नास तर ती बसून राहिली असती तरी गेल्याच असत्या, म्हणजे जास्तीच्या गेल्या दीडशे. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी धरतात. म्हणजे बाकी काहीच न बदलता एक किलोसाठी असं पन्नासेक वेळा चालावं लागेल, आणि व्यायामाने भूक वाढली, उरलेला दिवस दमून झोपून काढला तर त्यातलंही थोडं परत येतं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने 2009 मध्ये जे म्हटलं ते पण असंच आहे, आठवड्याला 150 ते 250 मिनिटांच्या मध्यम व्यायामाने वजन वाढणं थांबतं आणि थोडंफार उतरतं, त्याहून बरं उतरायला 250 च्या वर जावं लागतं, किंवा खाण्यात माफक बदल जोडावा लागतो. मग बॅचचं नाव ‘फॅट लॉस’ ठेवायचं आणि पोस्टरवर पोट दाखवणारा आधीचा-नंतरचा फोटो लावायचा हे मला पटत नाही, कारण जी मुलगी तो फोटो बघून येते ती सहाव्या आठवड्यात काट्यावर एकाच किलोचा फरक बघते आणि स्वतःला दोष देऊन निघून जाते. तिचे पुशअप शून्यावरून पाचवर गेलेले असतात, तिची नाडी उतरलेली असते, झोप सुधारलेली असते, आणि तिला यातलं काही मोजायचंच नसतं कारण तिला कुणी सांगितलंच नाही की हे मोजायचं.

पोटाची चरबी पोटाच्या व्यायामाने जाते असं पण कुणी सांगितलं तर ऐकू नका, शरीर चरबी कुठून काढायची हे आपल्याला विचारून ठरवत नाही. क्रंचेसने पोटाचे स्नायू घट्ट होतात, त्यावरचा थर तिथूनच जाईल असं नाही.

आणि काटा सगळ्यांसमोर! ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. पहिल्या दिवशी रांगेत उभं करून वजन केलं, ऑफिसमधल्या मॅडमनी आकडा मोठ्याने वाचून फॉर्मवर लिहिला. ट्रेनर ताई नव्हत्या त्या, त्यांना नंतर कळलं तेव्हा त्या पण चिडल्या. दोन मुली दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत, त्यातली एक माझ्या शेजारच्या खोलीतली, आणि तिला या व्यायामाची जितकी गरज होती, जितका उपयोग झाला असता तितका क्वचितच कुणाला झाला असता. एखाद्या मुलीने मनाची तयारी करून पाऊल टाकलेलं असतं आणि आपण पहिल्याच मिनिटाला तिचा आकडा वीस जणींना ऐकवतो, हे ताबडतोब थांबलं पाहिजे, पडदा लावून एकेकीला आत घेणं एवढंच करायचंय, त्याला पैसे लागत नाहीत. बरं त्या आकड्याचा भरवसा तरी किती, पाळीच्या आधी अंगात पाणी धरल्यामुळे बऱ्याच जणींचं वजन एक-दोन किलो इकडेतिकडे होतं, चरबी मोजायचं मशीन तर पायातून हलका करंट सोडून पाण्यावरूनच अंदाज बांधतं, पाणी पिऊन उभं राहा की व्यायाम करून घामाघूम होऊन, आकडा वेगळा येतो. मोजायचंच असेल तर कंबर टेपने मोजा, महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसांच्या आसपास, 80 सेंटीमीटरच्या वर असेल तर बायकांमध्ये मधुमेह आणि हृदयरोगाचा धोका वाढतो असं धरतात, तो आकडा काट्यापेक्षा जास्त कामाचा.

दुसरी तक्रार डाएटच्या कागदाची. सगळ्यांना एकच कागद, 1200 कॅलरीचा. उंच, बुटकी, बास्केटबॉल खेळणारी, दिवसभर लॅबमध्ये उभी राहणारी, सगळ्यांना तोच. आठवड्यात पाच दिवस घाम गाळणाऱ्या विशीतल्या मुलींना हे बहुतेक वेळा कमी पडतं, आणि कमी पडलं तर काय होतं हे काही गुपित नाही. व्यायामाच्या मानाने खाणं सतत कमी राहिलं की शरीर पाळीवर पहिली काटछाट करतं, मग हाडं, थंडी वाजणं, चिडचिड, सारखं आजारी पडणं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये याला रेड-एस (खेळात शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं, त्याआधी फक्त पाळी, हाडं आणि खाणं अशी तिघांची साखळी धरायचे, आता सगळ्या शरीराचा प्रश्न म्हणून बघतात. आणि हे फक्त मोठ्या खेळाडूंना होतं असं नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ‘व्यायामाने होतं असं’ म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरकडे जा. आमच्यातल्या एकीला सतत धाप लागत होती, ताईंनी तिला वजन वाढवू दिलं नाही, आधी रक्त तपासून ये म्हणाल्या, हिमोग्लोबिन 12 च्या बऱ्यापैकी खाली निघालं. गरोदर नसलेल्या बाईला 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया. गोळ्या सुरू झाल्यावर तीच मुलगी शेवटच्या स्टेप टेस्टला पुढे होती. ताईंचं हे लक्ष मला सगळ्या उपकरणांपेक्षा मोलाचं वाटतं. त्यांनी कागद बाजूला ठेवून आम्हाला एवढंच सांगितलं की जेवण चुकवू नका, प्रत्येक जेवणात प्रोटीन काहीतरी असू द्या, वेट्स करताय तर दर किलो वजनाला दिवसाला 1.2 ते 1.6 ग्रॅम धरा, आणि उतरवायचंच असेल तर हळू. मग तो कागद अजून ऑफिसात का वाटतात?

पाळीच्या दिवसांबद्दल पण बॅचमध्ये छान पद्धत आहे. येऊ नका असं पण नाही आणि आलंच पाहिजे असं पण नाही. दुखत असेल तर हलकं करा, चाला, स्ट्रेचिंग करा, आणि बरं वाटत असेल तर नेहमीसारखं जड उचला, त्याने काही बिघडत नाही. कुणाला कारण सांगावं लागत नाही, वहीवर नुसती खूण करायची. हे ऐकायला छोटं वाटेल पण यामुळे त्या दिवसांत घरी राहणाऱ्या कितीतरी जणी यायला लागल्या. पीसीओएस (हार्मोन्सच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या पण दोघी-तिघी होत्या, त्यांना वजन फार उतरलं नाही तरी व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारतं हे समजावून सांगितलं, ते त्यांना डॉक्टरांनी पण सांगितलेलं होतंच.

बाकी सोयी. चेंजिंग रूम स्वच्छ, दाराची कडी नीट लागते, मुलींच्या वेळेत बाहेरचं कुणी आत येत नाही आणि फोटो काढायला बंदी आहे, ती पाळली जाते. रॅक (बार ठेवायचा स्टँड) मात्र दोनच, वीस जणींना, त्यामुळे स्क्वॉटच्या दिवशी वाट बघावी लागते. हलके डंबेल भरपूर, मधल्या वजनाचे गायब. म्हणजे मुली फार तर एवढंच उचलतील असं धरून खरेदी केलीय असं दिसतं, आणि आठव्या आठवड्यानंतर ते खरंच नडायला लागतं. चांगली स्पोर्ट्स ब्रा घेऊनच या, उड्यांच्या दिवशी तिच्याशिवाय फार त्रास होतो, आणि वेट्सला मऊ गादीच्या रनिंग शूजपेक्षा सपाट तळाचे बूट बरे.

परीक्षेच्या काळात बॅच बंद करत नाहीत, दोन दिवसांची करतात, प्रत्येकी अर्धा तास, वजन तेच आणि सेट कमी. ही कल्पना ज्याची असेल त्याला मनापासून धन्यवाद. वाढवायला जेवढा व्यायाम लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी व्यायामात आहे ती ताकद टिकते, त्यामुळे परीक्षा संपल्यावर कुणालाच पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही. मागच्या सेमिस्टरला दुसऱ्या एका ठिकाणी जायचे तिथे परीक्षेत सुट्टी आणि नंतर कुणी परत फिरकत नाही असंच चालायचं.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पाचवा ताईंच्या नाही, ऑफिसच्या हातात आहे: काटा पडद्याआड, पोस्टर बदललेलं, 1200 चा कागद बंद, आणि मधल्या वजनाचे डंबेल. हे मी लेखी पण दिलंय, अजून कुणी सह्या करणार असेल तर जिमच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर अर्ज लावलेला आहे. सकाळची बॅच लवकर भरते, संध्याकाळी जागा मिळते पण रॅकला गर्दी जास्त, त्यामुळे जमत असेल तर सकाळच घ्या, आणि पहिल्या दिवशी वजन मोठ्याने वाचायला लागले तर ‘माझा आकडा मोठ्याने वाचू नका’ म्हणून थेट सांगा, फॉर्मवर वजनाचा रकाना सक्तीचा नाहीये, मी विचारून घेतलंय.